पंधरा मिनिटांची भेट



दारूच्या व्यसनात सापडलेल्या मनुष्यासाठी मंडळी प्रार्थना करते आणि तरीही तो पुन्हा पितो, तेव्हा आपण म्हणतो की त्याचा विश्वास कच्चा आहे, अथवा आपली प्रार्थना निष्फळ ठरली. हे दोन्ही निष्कर्ष किती उतावळे असू शकतात, हे डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांच्या चरित्रावरून ध्यानी येते. आज बेंगळुरूसारख्या शहरात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात ए.ए.च्या ज्या सभा भरतात, त्या चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी ते एक होत.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, सेंट जॉन्सबरी या गावी झाला. वडील न्यायाधीश, घर कडक धर्मशिस्तीचे. उपासनेची इतकी सक्ती असे, की मोठेपणी चर्चची पायरी चढायची नाही, असा त्या मुलाने निश्चय केला. कॉलेजात दारूची संगत जडली व तिच्यापायी वैद्यकीय शिक्षणही रखडले. १९१० मध्ये पदवी मिळाल्यावर ते ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी आले आणि पुढे शल्यचिकित्सक झाले. १९१५ मध्ये ॲन रिप्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० साली देशात दारूबंदी आली. परंतु औषध म्हणून मद्य मिळवण्याची मुभा डॉक्टरांना होती. हीच पळवाट त्यांना आणखी खोल घेऊन गेली.

१९३३ च्या सुमारास पत्नीसह ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या घरगुती सभांना जाऊ लागले. पवित्र शास्त्राचे वाचन, प्रार्थना, मनन हे सारे त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ केले. दारू मात्र सुटली नाही. आणि आपण पितो, हे त्यांनी त्या मंडळींपासून दडवून ठेवले. अखेर १९३५ च्या वसंतऋतूत एका सभेत त्यांनी आपली दुर्बलता कबूल केली. सर्वांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरदलाल कामानिमित्त ॲक्रनला आला. त्याला दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला होता आणि हॉटेलच्या दालनात बारमधील हसण्याबोलण्याचा आवाज त्याला खुणावीत होता. तेवढ्यात भिंतीवरील चर्चच्या यादीकडे त्याचे लक्ष गेले. त्याने वॉल्टर टंक्स या पाळकांना दूरध्वनी केला. त्यांनी दिलेल्या नावांवरून शोध घेत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. डॉक्टरांसाठी प्रार्थना करणाऱ्यांपैकीच त्या एक होत्या.

१२ मे १९३५ रोजी बाईंच्या घरी दोघांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. ते सहा तासांहून अधिक वेळ बसले. बिलने उपदेश केला नाही. आपण कसे प्यायलो, कसे खचलो, तेच सांगितले. आपण पुन्हा पिऊ नये यासाठी बिललाच दुसऱ्या मद्यपीची गरज होती. डॉक्टरांना यापूर्वी उपकारकर्ते पुष्कळ भेटले होते. समदुःखी असा हा पहिलाच.

चमत्कार मात्र एका रात्रीत घडला नाही. काही आठवड्यांनी एका वैद्यकीय परिषदेस गेले असता डॉक्टर पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांनी शेवटचा घोट घेतला, तो १० जून १९३५ रोजी. ए.ए. हाच आपला स्थापनादिन मानते. त्या उन्हाळ्यात बिल त्यांच्याच घरी राहिला; ॲनबाई दोघांना याकोबाचे पत्र वाचून दाखवीत. मग दोघेही इस्पितळात तिसऱ्या मद्यपीच्या शोधात गेले. पुढे सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांच्यासमवेत डॉक्टरांनी सुमारे ५००० व्यसनाधीनांवर मोबदला न घेता उपचार केले. १६ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, मंडळीची प्रार्थना ऐकली गेली होती. तिचे उत्तर एका धडपडणाऱ्या माणसाच्या रूपाने दाराशी आले. आपापली पापे एकमेकांजवळ कबूल करण्याची याकोबाची आज्ञा त्या सहा तासांत पाळली गेली.

आपल्या घरी असा कोणी असेल, तर लपवू नका. फार पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बेंगळुरूत निम्हान्ससारख्या संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार होतात. सभा कोठे भरतात, याची चौकशी व्यसनमुक्ती केंद्रात करता येते. सभेला शुल्क नसते, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा पुरेशी असते. ‘खुल्या’ सभेला कुटुंबीयांनाही जाता येते. त्यांच्यासाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटनाही आहे. पहिली सभा रुचली नाही, तर दुसरी पाहावी. परमुलखात आपल्या भाषेची सभा न मिळाल्यास समजेल त्या भाषेतील सभेत बसावे.

आणि पाळकांनो, आपल्या दूरध्वनीवर एखादा अनोळखी, संकोचलेला आवाज आला, तर टंक्स यांच्याप्रमाणे त्याला नावे द्या. जमल्यास पहिल्या सभेच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चाला.