पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२, केडगाव, पुणे जिल्हा) या संस्कृत विदुषी, लेखिका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि शारदा सदन व मुक्ती सदन या संस्थांच्या संस्थापक होत्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या श्रवणदोषामुळे त्यांना तो विचार सोडावा लागला. त्यांचे पुढील सर्व शैक्षणिक व सामाजिक कार्य या दोषासह झाले.

बालपण आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे (सध्याचे कर्नाटक राज्य) झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान मुलीला दिले. हे शिक्षण मौखिक परंपरेचे होते. आईच्या तोंडून ऐकायचे, म्हणायचे आणि पाठ करायचे, या रीतीने रमाबाईंना पुराणांतील हजारो श्लोक मुखोद्गत झाले. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडत असे. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचे निधन झाल्यावर रमाबाई बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले.

पुणे आणि हंटर आयोग

वैधव्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्री शिक्षिकांबरोबरच स्त्री डॉक्टरांची निकड त्यांनी तेथे मांडली. पुरुष वैद्यापुढे आजार सांगण्यास स्त्रिया संकोचतात व त्यामुळे उपचाराविना दगावतात, असे त्यांचे म्हणणे होते. ही उणीव काही अंशी स्वतः भरून काढावी, या इच्छेने त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरविले. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा उपयोग झाला.

इंग्लंड आणि श्रवणदोष

१८८३ मध्ये रमाबाई मनोरमेसह इंग्लंडमधील वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. मात्र श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यांना बंद झाला. व्याख्याने ऐकणे, रुग्णाशी बोलणे आणि स्टेथोस्कोपने हृदयाचे व फुप्फुसांचे ध्वनी तपासणे यांवर त्या काळचे वैद्यकीय शिक्षण अवलंबून होते.

या दोषावर तेव्हा परिणामकारक उपाय नव्हता. कानाशी धरण्याचा कर्णा आवाज थोडा मोठा करी, पण अंतर्कर्णातील बिघाडामुळे अस्पष्ट ऐकू येणारे शब्द त्याने स्पष्ट होत नसत. विजेवर चालणारी श्रवणयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. अंतर्कर्णातील पेशींची हानी सहसा भरून येत नाही. म्हणून गोवर व गालगुंडाची लस, कान वाहत असल्यास वेळीच उपचार आणि मोठ्या आवाजापासून संरक्षण या प्रतिबंधक उपायांवर आज भर दिला जातो.

रमाबाईंनी परत न फिरता शिक्षणक्षेत्राकडे मोर्चा वळविला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले आणि तेथेच संस्कृत शिकविले. धर्ममतांविषयी बील व सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. जी पदवी रमाबाईंना घेता आली नाही, ती त्यांच्या या आप्त स्त्रीने मिळविली होती. अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली, बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले (१८८७). त्यातून बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी साहाय्यक मंडळ स्थापन झाले.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई येथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदनात धर्मांतरास उत्तेजन मिळते, असा आरोप होऊन १८९३ मध्ये मोठा वाद झाला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मुक्ती सदन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. १९०० पर्यंत तेथील आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई आदी कामे तेथे शिकविली जात. अंध मुलींना ब्रेल लिपीतून शिक्षण मिळे. शिक्षण घेऊन परतलेल्या मनोरमाबाई आईच्या कामातील प्रमुख सहकारी बनल्या.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले व संस्थेच्या छापखान्यात ते छापण्याचे काम चालविले. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद पदक मिळाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत रमाबाईही निवर्तल्या.

वारसा

केडगावची संस्था आजही कार्यरत आहे. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. श्रवणदोषामुळे त्या स्वतः डॉक्टर होऊ शकल्या नाहीत. तथापि स्त्री डॉक्टरांसाठी त्यांनी हंटर आयोगापुढे केलेली मागणी भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.