रेव्हरंड टिंडेल-बिस्को

काश्मीरांतील या थोर शिक्षकाचा जन्म १८६३ सालीं इंग्लंडांत झाला. १८८४ सालीं ऑक्सफर्डवर विजय मिळविणाऱ्या केंब्रिजच्या नावेचें सुकाणूं त्यांच्याच हातीं होतें. १८९० सालीं ते श्रीनगरच्या मिशन शाळेंत आले. तेथील उच्चवर्णीय विद्यार्थी अंगमेहनत कमीपणाची मानीत. १८९१ सालीं साहेबांनीं आणलेला चामड्याचा चेंडू कोणी शिवेना. तेव्हां छड्यांच्या धाकानें त्यांना खेळावयास लाविलें. हा धाक आज कोणासही रुचणार नाहीं. परंतु खेळानें आलेलें बळ कोणासाठीं वेंचावें, हा त्यांचा खरा धडा होता. वल्हें मारणें हें हांजी लोकांचें हलकें काम समजत. तेंच शिकून हीं मुलें इस्पितळांतील रुग्णांना सरोवरावर हवा खावयास नेऊं लागलीं, बुडणाऱ्यांना वांचवूं लागलीं. बालविधवांच्या पुनर्विवाहासाठींही साहेब झटले. १९४७ सालीं त्यांनीं काश्मीर सोडलें व १९४९ सालीं आफ्रिकेंत देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, अंगीं बळ येणें निराळें व त्या बळास अदब येणें निराळें. मैदानावर दोन्ही मिळविल्यावांचून घरीं परतूं नका.