दार उघडलं की पळणारा वायू

वीकेंडला अलिबाग, काशीद किंवा मुरूडला गेलात की एक गोष्ट बघा. गावातली जुनी कौलारू घरं सतत श्वास घेत असतात. कौलांमध्ये फटी, समोरासमोर दारं, मागे वाडी आणि दिवसभर समुद्राचा वारा. शेजारचा नवा बंगला मात्र एकदम पॅक. एसी चालू, काचा बंद, फरशी थेट जमिनीवर. या दोन घरांच्या हवेत जो फरक पडतो, त्याची पहिली चाहूल लागली ती कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत. तीही दार उघडंबंद होत होतं म्हणून.

अर्नेस्ट रदरफोर्ड म्हटलं की आपल्याला सोन्याचा पत्रा आणि अणुकेंद्र आठवतं. रेडॉन कुणाला आठवत नाही. हा गडी १८७१ साली न्यूझीलंडमध्ये, साध्या शेतकरी घरात जन्मला. इंग्लंडला जायची स्कॉलरशिप खरं तर दुसऱ्याला मिळाली होती. त्याने ती नाकारली, म्हणून १८९५ मध्ये रदरफोर्ड केंब्रिजला पोचला. वेटिंग लिस्टवाल्यांनी नोंद घ्यावी!

१८९८ मध्ये तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे त्याने ओवेन्स नावाच्या सहकाऱ्याला थोरियमची किरणं मोजायला लावलं. आकडे काही केल्या स्थिर राहीनात. खोलीचं दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, की मोजमाप बदलायचं. दुसऱ्या कुणी दाराला कडी लावून विषय संपवला असता. रदरफोर्डला प्रश्न पडला, की किरणं वाऱ्याने उडतीलच कशी? उडतोय तो वायू असणार, थोरियममधून निघणारा आणि स्वतःही किरणोत्सारी. १९०० च्या सुरुवातीला त्याने हे छापलं. या वायूचा जोर साधारण दर मिनिटाला निम्मा होतो, हेही त्याने मोजलं. अर्धायुकाल ही कल्पना इथूनच आली. त्याच वर्षी जर्मनीत डॉर्नला रेडियममधून निघणारा तसाच वायू सापडला. तो आपला नेहमीचा रेडॉन; त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवस. मॅकगिलमधला तो त्याचा अल्पायुषी भाऊ, थोरॉन.

पुढे तरुण केमिस्ट सॉडी सोबतीला आला. हा वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही, म्हणजे एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलतंय, असं दोघांनी मांडलं. १९०८ चं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं! भौतिकवाल्या रदरफोर्डला याची गंमत वाटायची. आणि तो सोन्याचा पत्रा? १९०९ च्या त्या प्रयोगात अल्फा कण येत होते ते रेडियमच्या याच वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून.

हा वायू घरात काय करतो, हे मात्र त्याच्या हयातीत कळलं नाही. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी हर्नियाच्या दुखण्याने तो गेला. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवायला तो येणार होता. ते राहून गेलं. युरेनियमच्या खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा कॅन्सर आणि रेडॉन यांचा संबंध पक्का व्हायला पुढची काही दशकं लागली. धोका वायूपेक्षा त्याच्या पिल्लावळीचा जास्त. रेडॉन फुटून पोलोनियमसारखे घन कण होतात, ते धुळीला चिकटतात आणि श्वासातून आत जाऊन बसतात. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं हे मोठं कारण मानलं जातं, आणि सिगारेट ओढणाऱ्याला तर दोन्हींचा मारा. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी १०० बेकरेल प्रति घनमीटर ही पातळी सुचवली आहे.

आता पुन्हा रायगडच्या किनाऱ्यावर येऊ. घाबरायचं कारण नाही. आपल्याकडचा काळा बसाल्ट युरेनियमच्या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा बराच गरीब. पण थोडा रेडॉन प्रत्येक जमिनीतून निघतोच. तो फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून वर येतो आणि बंद खोलीत साठतो. रंग नाही, वास नाही. मोजल्याशिवाय कळतच नाही.

मोजायचं साधनही लांब नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, एक छोटी डबी तयार झाली. तिला दोन कप्पे, मध्ये टाचणीच्या भोकांएवढी छिद्रं आणि प्रत्येक कप्प्यात फिल्मचा तुकडा. थोरॉन त्या छिद्रांतून रमतगमत जाईपर्यंत मिनिटभरात विझतो, दुसऱ्या कप्प्यात पोचतो तो फक्त रेडॉन. म्हणजे मॅकगिलमध्ये मोजलेलं ते एक मिनिट इथे चाळणीचं काम करतं. अल्फा कणांनी फिल्मवर पाडलेले ओरखडे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मोठे करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. साधारण तीन महिने डबी खोलीत टांगून ठेवायची. पावसाळ्यात टांगली तर उत्तमच, कारण तेव्हा झडीपायी आपण सगळ्या खिडक्या लावून बसतो.

आकडा जास्त आलाच तर आधी फरशीच्या भेगा बुजवायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर फरशीखालची हवा पाइप आणि पंख्याने छपरावर सोडायची. आणि रोजच्या रोज, एसी लावायच्या आधी अर्धा-पाऊण तास, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. ओवेन्सच्या प्रयोगाची वाट त्या उघड्या दाराने लावली होती. आपल्या खोलीत नेमकं तेच करायचंय.