नौकाशिल्पी लवजी वाडिया

मुंबई बंदराचे वैभव ज्यांच्या करवतीने व वाकसाने घडविले, त्यांत लवजी नसरवानजी वाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, पारशी होते. परंतु कसबाला ज्ञात नसते, आणि आपल्या घरांतील मुलांच्या भवितव्याशी त्यांच्या चरित्राचा निकटचा संबंध आहे. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे पुण्यस्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

लवजींचा जन्म सुमारे १७०२ मध्ये सुरतेस झाला. तेथील धनजीभाई या नामांकित जहाजबांधकाच्या हाताखाली राबून ते मुकादमपदास पोचले. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील अधिकारी डडली हे एक जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस गेले असता या मुकादमाचे कौशल्य पाहून प्रसन्न झाले व त्यांनी लवजींना मुंबईस येण्याचा आग्रह केला. परंतु आपल्या धन्याची अनुज्ञा मिळेपर्यंत लवजींनी होकार दिला नाही. ती मिळाल्यावर १७३६ मध्ये काही निवडक सुतार बरोबर घेऊन ते मुंबईस आले आणि गोदीच्या कामास प्रारंभ झाला. १७५० मध्ये येथे सुकी गोदी तयार झाली. जहाजाचा तळ कोरडा करून दुरुस्त करण्याची सोय झाल्याने मुंबई बंदराचे महत्त्व वाढले.

लवजींच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग त्यांच्या उतारवयातील आहे. फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी या आपल्या दोन नातवांना त्यांनी गोदीत घातले, ते मुख्य मिस्त्रीचे नातू म्हणून नव्हे, तर महिना १२ रुपयांवर राबणारे साधे सुतार म्हणून. कष्टाचे प्रत्येक काम त्यांनी त्यांच्याकडून करून घेतले. उमेदवारीला अशी दुहेरी जोड लागते: अंगी कष्ट आणि पोटापुरते वेतन. कष्टावाचून हात तयार होत नाही व वेतनावाचून गरिबाचा मुलगा शिकावयास टिकत नाही.

१७७४ मध्ये लवजी निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे एक घर व वीस हजार रुपयांच्या आतील रक्कम एवढीच संपत्ती होती. खरा वारसा नातवांच्या हातांत होता. जमशेटजींनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. ७४ तोफांचे 'मिंडेन' १८१० मध्ये पाण्यात उतरले. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. आणि १८१७ चे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. पुढेही अनेक पिढ्या गोदीचे मुख्यपद याच घराण्यात राहिले.

वाडियांच्या घरी आजोबाच गुरू होते. सर्वांच्या घरी तसे नसतात. १९६१ च्या उमेदवारीविषयक कायद्याने कारखान्यातील उमेदवारास विद्यावेतनाचा हक्क दिला खरा. तथापि परगावी राहण्याचा, जेवणाचा व हत्यारांचा खर्च त्यात भागतोच असे नाही. आपल्या समाजात महाविद्यालयीन विद्यार्थ्यास साहाय्य करणारे हात पुष्कळ पुढे येतात. वेल्डिंग वा फिटरचे काम शिकणाऱ्या मुलाकडे, किंवा चाळिशीत नवे कसब शिकू पाहणाऱ्या गृहस्थाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्ञातिबांधवांनी शिक्षण-निधीस देणगी देताना यांचाही वाटा राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. लवजींचे यथार्थ स्मारक याहून दुसरे कोणते?