रामदेवराव : मिठाच्या गोण्या आणि नवसारी

आमच्या लिंबायतमध्ये निम्म्या घरांचं गाव खानदेशात. सुट्टी लागली की उधन्याहून भुसावळची गाडी. पण देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा आपल्या या भागाशी संबंध आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत हरून संपला होता.

रामदेवरावाची सुरुवात काही गोड नाही. 1271 च्या सुमारास चुलतभाऊ आमण गादीवर बसला. रामदेवाची माणसं नाटकवाल्यांच्या वेशात गडावर शिरली, आमणाला धरलं, पुढे त्याचे डोळे काढले. आणि याच राजाच्या काळात मराठी बहरली. 1290 ची ज्ञानेश्वरी त्याचं नाव आदराने घेते, महानुभावांचं गद्य त्याच काळातलं. कारभार बघायला हेमाद्री पंडित होता. एकाच माणसाचे हे दोन चेहरे मला अजून नीट जुळवता येत नाहीत.

1296 मध्ये कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला. मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर. राजाने गडाचे दरवाजे लावून घेतले, मग खंडणी ठरवली. तेवढ्यात शंकरदेव परतला. बापाने लढू नको म्हणून निरोप धाडला, तरी तो लढला आणि हरला. गडावर धान्य समजून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं फिरिश्ता सांगतो. खरं-खोटं असो, पण वेढ्यात गोणी उघडून मीठ बघणाऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग खंडणी वाढली आणि एलिचपूरचा महसूलही गेला. त्याच लुटीच्या जोरावर अलाउद्दीनने सासऱ्याला, म्हणजे सख्ख्या चुलत्याला मारून दिल्ली घेतली.

पुढे खंडणी थांबली. गुजरातचा परागंदा राजा कर्णदेव वाघेला यादवांच्या आश्रयाने बागलाणात राहिला. 1307 च्या सुमारास मलिक काफूर आला आणि रामदेवाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे मात्र त्याचा सत्कार झाला. राय-ए-रायान हा किताब, लाखभर टंका आणि वर नवसारीचा परगणा! इथून लोकलने तासाभरात पोचतो ती नवसारी. म्हणजे गुजरातच्या राजाला आसरा देणाऱ्यालाच गुजरातचा तुकडा बक्षीस.

नंतर तो दिल्लीशी इमानाने राहिला. काफूरच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्यांना त्याने मदतही केली. माझे मामा त्याला सरळ भेकड म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. शंकरदेवासारखं लढला असता तर देवगिरी पंधरा वर्षं आधीच पडली असती. पण वारंगळच्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल, हेही मनात येतंच.

1310 चा त्याचा एक ताम्रपट बीड जिल्ह्यात पुरुषोत्तमपुरीला सापडलाय. मांडलिक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी त्यात बिरुदं सगळी सार्वभौम राजाची. वर्षभरात तो वारला. शंकरदेवाने गादीवर येताच दिल्लीशी संबंध तोडले आणि काफूरने त्याला मारलं. 1318 पर्यंत जावई हरपाळदेवही गेला.