जॉर्ज बूल : पदवी नसलेला प्राध्यापक

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बूलियन बीजगणित सर्वांनाच शिकावे लागते. ट्रूथ टेबले पाठ होतात, अँड, ऑर, नॉटची चिन्हे वहीत काढली जातात. पण हा बूल कोण, हे विचारायचे मात्र राहून जाते. आमच्यासारख्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तर ते अवश्य विचारावे. कारण हा गृहस्थ कोणत्याच महाविद्यालयात शिकला नव्हता.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जोडे शिवीत. पण त्यांचा जीव रमे दुर्बिणी बनविण्यात. मग दुकान चालणार कसे? मुलाला गणिताची गोडी त्यांनीच लावली. लॅटिन गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकविले आणि ग्रीक जॉर्ज आपला आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेले एका ग्रीक कवितेचे भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात आले, तेव्हा ते इतक्या लहान मुलाचे आहे यावर एका शाळामास्तरांचा विश्वासच बसेना.

वडिलांचा धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी जॉर्जला डॉन्कास्टरच्या शाळेत नोकरी धरावी लागली. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांचा भार त्याच्यावर होता. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरल्या वेळात लाक्रुआ, लाग्रांज, लाप्लास वाचायचे. यात आपली पाच वर्षे जवळजवळ वाया गेली, चांगला शिक्षक मिळता तर ती वाचली असती, असे त्यांना पुढे वाटे. स्वयंशिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. केंब्रिजला जाण्याचा विचार निघाला होता. पण शाळा बंद केली तर घर कोण चालविणार? तो बेत सोडावा लागला. केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी मात्र त्यांचे लेख छापले. १८४४ साली रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८४९ मध्ये, हाती एकही पदवी नसताना, आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्यानेच उघडलेल्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. भीषण दुष्काळाने पोळलेल्या भागातले ते लहानसे कॉलेज. तिथेच १८५४ साली विचारांच्या नियमांवरील त्यांचा ग्रंथ पूर्ण झाला.

त्यातील मूळ कल्पना किती साधी आहे पाहा. गोठ्यातून पांढरी जनावरे निवडली आणि त्यांतून पुन्हा पांढरीच निवडली, तर हाती तीच राहतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच : ० आणि १. काहीच नाही आणि सर्व काही! मात्र वर्गात १ + १ = १ असे जे शिकवितात ते बूल यांचे नव्हे. ती दुरुस्ती जेव्हन्स यांनी सुचविली आणि बूल यांनी ती मान्य केली नव्हती.

यंत्राचा यात कुठेच संबंध नव्हता. तो १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी जोडला. विजेची बटणे चालू किंवा बंद असतात, तेव्हा त्यांच्या जोडण्यांना हेच बीजगणित लागू पडते, असे त्यांनी एम.ए.च्या तोडीच्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखविले. गंमत अशी, की बूल यांचे तर्कशास्त्र शॅनन यांना मिशिगन विद्यापीठात पदवीसाठी शिकत असताना तत्त्वज्ञानाच्या वर्गात भेटले होते. विषय आपल्या शाखेचा नाही म्हणून तास बुडविणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते.

१८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव त्या शिखराला आहे, त्यांची ही पुतणी. त्यांना पाच मुली झाल्या.

१८६४ च्या नोव्हेंबरात घरापासून कॉलेजपर्यंतची सुमारे तीन मैलांची वाट बूल मुसळधार पावसात चालले आणि ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी तास घेतला. ताप आला, तो फुप्फुसांत उतरला. ज्याने दुखणे आले त्यानेच ते जाते, अशा समजुतीने पत्नीने त्यांना ओल्या चादरींत गुंडाळले, असे सांगतात. ८ डिसेंबरला ते गेले. वय अवघे एकोणपन्नास; धाकटी मुलगी सात महिन्यांची. मेरीबाई मुलींना घेऊन इंग्लंडला परतल्या आणि लंडनच्या एका महिला महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करू लागल्या.