लायब्ररी सॉफ्टवेअर बनवायचंय? आधी रंगनाथन वाचा

ऑनलाइन लायब्ररी सिस्टीमच्या गरजांची यादी करताना मी आधी एस. आर. रंगनाथन आठवतो. १८९२ चा जन्म, पेशानं गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण मन रमेना! मग लंडनला शिकायला गेले. तिथं दुकानात मेकॅनो बघून सुचलं, की विषयाचेही असेच सुटे भाग करून जोडता येतील. त्यातून १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण आलं. आपले सर्च फिल्टर याच चालीचे.

१९३१ च्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचवण्याचं सूत्र मला सगळ्यात कामाचं वाटतं. म्हणजे चकचकीत डॅशबोर्ड नंतर. पुस्तक आत्ता शेल्फवर आहे का, नसेल तर कधी परत येणार, हे मोबाइलवर लगेच दिसलं पाहिजे. (कुणी नेलंय ते नाव मात्र नको!) १९७२ मध्ये बेंगळुरूत ते वारले. ग्रंथालय वाढतच राहतं, हे त्यांचं पाचवं सूत्र. त्यामुळे ई-बुक, ऑडिओबुकची सोय डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.